कारखान्यातलं थंब मशीन: घ्यावं का, आणि घेतलं तर त्यात नियम कोणते भरावेत

पाच-सहा हजार रुपयांपासून पुढे मिळणारं बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन आज भोसरीतल्या दहा माणसांच्या जॉबवर्क शॉपपासून शिरोलीतल्या फाउंड्रीपर्यंत सगळीकडे दिसतं. वस्तू म्हणून ते पैसे वसूल करतं. मस्टरवरची, म्हणजे हजेरीच्या वहीतली, खाडाखोड थांबते, एकाने दुसऱ्याची हजेरी लावणं बंद होतं, महिनाअखेरीला टाइम ऑफिसचं, म्हणजे हजेरीचा हिशोब ठेवणाऱ्या खात्याचं, बरंच काम वाचतं. पण बहुतेक मालक ते घेतात त्यामागची आशा वेगळी असते: माणसं वेळेवर येतील आणि मन लावून काम करतील. यातला पहिला भाग मशीन काही प्रमाणात साधतं. दुसरा त्याच्या आवाक्यातच नाही. आणि आत नियम चुकीचे भरले, तर वर्षानुवर्षं वेळेवर येणारा ऑपरेटरही काही महिन्यांत घड्याळाकडे बघून हात आखडता घ्यायला लागतो.

म्हणून इथे मशीनपेक्षा त्यामागच्या सॉफ्टवेअरमध्ये काय भरायचं याबद्दल जास्त लिहिलं आहे. डोळ्यासमोर ५० ते ३०० माणसांचा, दोन किंवा तीन शिफ्टमध्ये चालणारा कारखाना आहे. हे कोणत्या एका कंपनीच्या मॉडेलचं परीक्षण नाही. या किमतीतली बहुतेक मशीनं वापरायला सारखीच असतात.

बोट, काच आणि रांग

स्वस्त मशीनमध्ये ऑप्टिकल सेन्सर असतो. काचेखाली दिवा आणि छोटा कॅमेरा. साधारणपणे ठशाचा फोटो साठवला जात नाही. रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात याचा आकड्यांतला नमुना साठवला जातो. हजार ते तीन हजार ठसे मावतात, म्हणजे मध्यम कारखान्याला सहसा जागा कमी पडत नाही. अडचण वेगळीच आहे. मोल्डिंगची वाळू, सिमेंट, चुना, प्लेटिंगची रसायनं, दिवसभर कूलंटमध्ये भिजलेले हात यांनी बोटावरच्या रेषा झिजतात. वय वाढलं की रेषा उथळ होतात. डिसेंबर-जानेवारीत कोरड्या बोटांचा ठसा काचेवर तुटक उमटतो. परिणाम असा, की ऑफिसमध्ये बसणाऱ्याचं बोट पहिल्या फटक्यात घेतलं जातं आणि फेटलिंगला (ओतलेल्या तुकड्यांची घासाई करायला) बसणारा माणूस चार वेळा बोट दाबून मागच्यांची बोलणी खातो. हातांनी सर्वांत जास्त काम करणाऱ्यालाच मशीन दारात रोज नाकारतं. कामावर चढण्याआधीच माणसाचं मन उतरवणारी ही पहिली गोष्ट, आणि ती टाळता येते.

नोंदणी करताना प्रत्येकाची दोन्ही हातांची मिळून किमान चार बोटं घ्या. अंगठ्याचाच हट्ट नको. तर्जनी आणि मधलं बोट बहुतेकदा जास्त बरं चालतं. नोंदणी शिफ्ट सुटताना उरकू नका, सुरू होण्याआधी करा, हात धुऊन आणि पुसून. मशीन प्रत्येक बोट तीनदा मागतं. तिन्ही वेळा बोटाचा मांसल भाग सपाट टेकला पाहिजे, टोक नव्हे. एवढं करूनही ज्यांचा ठसा लागत नाही त्यांना कार्ड द्या आणि त्यांच्या खात्यावर फक्त कार्ड चालू करा. कार्ड म्हणजे मेहेरबानी नाही हे सुपरवायझरला आधीच सांगा. पुष्कळ ठिकाणी इन्स्टॉल करणारा माणूस सोपा रस्ता म्हणून ठसा जुळवण्याची काटेकोरता सगळ्यांसाठीच खाली आणतो. मग एकाचा पंच (मशीनवरची हजेरीची नोंद) दुसऱ्याच्या नावावर पडण्याची शक्यता वाढते, आणि पगाराच्या दिवशी दोघंही खरं बोलत असताना भांडण होतं.

मशीन जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत लावा. थेट ऊन काचेवर पडलं की ऑप्टिकल सेन्सर गोंधळतो. काच कोरड्या मऊ फडक्याने पुसायची. थिनर किंवा पेट्रोल लावलं की वरचा थर जातो. शेजारी हात पुसायला कापड टांगलेलं असलं की निम्म्या तक्रारी कमी होतात.

आता रांग. मशीनच्या पत्रकात ओळखायला एक सेकंद लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात डबा खांद्यावर सरकवून, बोट पुसून, एखादा चुकलेला प्रयत्न धरून माणशी पाच सेकंद लागतात. १२० माणसांची शिफ्ट आणि एकच मशीन असेल तर ६०० सेकंद, म्हणजे पूर्ण दहा मिनिटं. आठच्या ठोक्याला सगळे गेटवर हजर असले तरी शेवटच्याचा पंच आठ वाजून दहा मिनिटांनी पडणार. तो उशीर त्याचा नाही, पण लेटमार्क त्याचा. एका शिफ्टमधल्या दर ४० ते ५० माणसांमागे एक मशीन हा हिशोब धरा. दुसऱ्या मशीनचे सहा हजार वाचवून रोजचा राग विकत घेण्यात काही अर्थ नाही.

घड्याळाकडेही लक्ष हवं. मशीनचं घड्याळ मागे-पुढे सरकतं, आणि आतली छोटी बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर तारीखच जुनी होऊन बसते. कामगाराच्या मोबाइलवर ७:५८ आणि मशीनवर ८:०३ दिसत असेल तर त्या मशीनवर कुणाचा विश्वास बसणार? आठवड्यातून एकदा संगणकावरून वेळ जुळवून घ्यायचं काम टाइम ऑफिसमधल्या एका ठरावीक माणसाकडे द्या. साप्ताहिक सुट्टीही तपासा. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, पण सॉफ्टवेअरमध्ये रविवार आधीच भरलेला असतो. तो बदलला नाही तर पहिल्याच महिन्यात अख्खा कारखाना चार दिवस गैरहजर दिसतो.

तीन लेटमार्क, अर्धा दिवस

सॉफ्टवेअर विकणारा हे सेटिंग मोठ्या कौतुकाने दाखवतो: महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस आपोआप कापला जाईल. हे सेटिंग बंद ठेवा. दोन कारणं आहेत आणि दोन्ही भक्कम आहेत.

पहिलं कारण हिशोबाचं आणि कायद्याचं. रोज ६०० रुपये, आठ तास काम. म्हणजे मिनिटाला सव्वा रुपया. तीन दिवस सहा-सहा मिनिटं उशीर झाला तर कामाची १८ मिनिटं बुडाली, त्यांची किंमत २२ रुपये ५० पैसे. कापले ३०० रुपये. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मधलं कलम ९ सांगत होतं, की गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये. २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्येही हेच तत्त्व आहे. ज्याला शिक्षा म्हणून दंड करायचा असेल त्याची वाट वेगळी आहे: कोणत्या चुकीला दंड हे आधी मंजूर करून फलकावर लावायचं, कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं, एका पगारातला दंड तीन टक्क्यांच्या वर न्यायचा नाही, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरायची. सॉफ्टवेअरमधली एक टिक यातलं काहीही करत नाही.

दुसरं कारण माणसाच्या वागण्याचं. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीत बस अडकली. आठची शिफ्ट, आठ वाजून वीस मिनिटं झाली. हा तिसरा लेटमार्क, अर्धा दिवस गेलाच आहे, हे त्या माणसाला गेटवरच कळतं. आता साडेबारापर्यंत फुकट काम करायचं कशाला? तो चहा घेऊन परत फिरतो आणि दुपारी येतो, किंवा येतच नाही. वीस मिनिटांचा उशीर रोखायला केलेल्या नियमाने चार तासांचं मशीन बंद ठेवलं.

दंडाने वक्तशीरपणा येतो हा समज किती कच्चा आहे हे इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत दिसलं. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात दहा पाळणाघरं होती. त्यातल्या सहांनी मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड सुरू केला. उशिरा येणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटायचा. दंड लागल्यावर तो संकोच गेला आणि पैसे देऊन उशीर करणं हा व्यवहार झाला. शॉपफ्लोअरवर हेच घडतं. जो ऑपरेटर उशीर झाल्यावर सुपरवायझरला स्वतः फोन करायचा, तो लेटमार्क सुरू झाल्यावर फोन करणं सोडतो. कापून घेताय ना, मग सांगायचं कशाला?

काय भरावं? दहा मिनिटांची सवलत सगळ्यांना सारखी. त्यापुढे जितकी मिनिटं उशीर तितक्याच मिनिटांची कपात, किंवा त्याच आठवड्यात तेवढा वेळ भरून देण्याची मुभा. कंपनीच्या बसने येणाऱ्यांच्या बाबतीत बस गेटवर आली ती वेळ सिक्युरिटीने लिहायची आणि त्या बसमधल्या सगळ्यांना ती लागू करायची. वारंवार उशीर करणारे दोन-चार जण प्रत्येक खात्यात असतातच. त्यांच्याशी बोलायचं काम सुपरवायझरचं आहे, ते मशीनवर ढकलू नये.

जाताना लागलेला वेळ

थंब मशीनबद्दल कामगारांना विचारलं तर बहुतेकांचा राग येण्याच्या वेळेवर नसतो, जाण्याच्या वेळेवर असतो. सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरटाइमसाठी दोन खाने असतात: किमान किती मिनिटांनंतर ओटी धरायचा, आणि किती मिनिटांच्या पटीत मोजायचा. दोन्हीकडे तीस मिनिटं भरण्याची पद्धत आहे. म्हणजे २९ मिनिटं जास्त थांबलं तर शून्य, ५९ मिनिटं थांबलं तर तीस. येताना एकेक मिनिट मोजणारं तेच मशीन जाताना अर्धा-अर्धा तास गिळतं.

याचा महिन्याचा हिशोब मांडून बघावा. पुढच्या शिफ्टचा माणूस येईपर्यंत जॉब (मशीनवर चढवलेला तुकडा) काढता येत नाही म्हणून कुणी रोज वीस मिनिटं थांबत असेल, तर २६ दिवसांत ५२० मिनिटं होतात: आठ तास चाळीस मिनिटं. एका दिवसापेक्षा जास्त काम, आणि पगारात त्याचा पत्ता नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर होता, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेतही जादा कामाला दुप्पटच दर आहे. सहा दिवस आठ-आठ तास भरणाऱ्याचे ४८ झालेलेच असतात, म्हणून ही वीस-वीस मिनिटं दुप्पट दराचीच. तासाला ७५ रुपये धरले तर महिन्याला १,३०० रुपये बुडाले.

पैसे ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की हे थांबणं मुळात चांगुलपणाचं होतं. जॉब अर्धवट टाकून जाऊ नये, पुढच्या माणसाला सेटिंग समजावून द्यावं, टूल तुटलं असेल तर सांगून जावं, यासाठी माणूस थांबत होता. मशीनने ते थांबणं शून्य ठरवलं की तीन महिन्यांत साडेतीनला सायरन आणि तीन वाजून एकतीस मिनिटांनी पंच असं चित्र होतं. मग शिफ्ट बदलताना रिजेक्शन का वाढलं याची बैठक बसते, आणि त्या बैठकीत थंब मशीनचं नावही निघत नाही.

उपाय दोन. एकतर हस्तांतराची पंधरा मिनिटं शिफ्टमध्येच धरा आणि दोन शिफ्ट तेवढ्या एकमेकांवर चढवा. नाहीतर ओटी पाच मिनिटांच्या पटीत मोजा आणि सुपरवायझरने त्याच दिवशी मंजूर किंवा नामंजूर करावा असा नियम ठेवा. महिनाअखेरीला एकदम ओटी कापणं सर्वांत वाईट, कारण त्या दिवशी काय अडलं होतं हे तेव्हा कुणालाच आठवत नाही.

रात्रपाळीची जुनी खोड

रात्री ११:३० ला आत, सकाळी सातला बाहेर. सॉफ्टवेअर कॅलेंडरची तारीख धरून पहिला पंच म्हणजे आत आणि शेवटचा पंच म्हणजे बाहेर असं समजत असेल, तर पाच तारखेला एकच पंच दिसतो आणि मिस पंच, म्हणजे एक नोंद राहून गेल्याचा शेरा, लागतो. सहा तारखेला सकाळी सातचा पंच आत येण्याचा आणि रात्री साडेअकराचा बाहेर जाण्याचा धरला जातो, म्हणजे साडेसोळा तास काम! दोन्ही खोटं. शिफ्ट मास्टरमध्ये रात्रपाळीचा बाहेर जाण्याचा पंच आदल्या दिवसाला जोडायचं सेटिंग असतं. ते चालू करा आणि दिवस कुठे तुटतो ती वेळ दुपारची ठेवा. पाळी बदलणाऱ्या कारखान्यात शिफ्ट आपोआप ओळखण्याचं सेटिंगही हवं, कारण दोघांनी आपसात पाळी बदलली की कागदावरची शिफ्ट आणि पंच जुळत नाहीत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी झोपमोड करून मिस पंचचा फॉर्म भरायला बोलावणं हा प्रकार अनेक ठिकाणी दर महिन्याला होतो. तो एका टिकने थांबतो.

हजेरी बक्षीस

महिनाभर एकही खाडा नाही तर हजार रुपये, एक खाडा झाला तर काही नाही. ही योजना मशीन आल्यावर बहुतेक ठिकाणी सुरू होते, कारण आता मोजणं सोपं झालेलं असतं. हेतू चांगला, रचना कच्ची. चार तारखेला कुणाला मयतीला गावी जावं लागलं की त्याचं बक्षीस संपलं. उरलेल्या बावीस दिवसांत येण्याला बक्षिसाचा काही आधार उरला नाही. गावची जत्रा, शेतीचं काम, पाहुणे, सगळे खाडे मग त्याच महिन्यात काढून घेतले जातात. वर ज्याने ताप अंगावर काढून मशीन चालवलं त्याला बक्षीस मिळतं, आणि प्रेस शॉपमध्ये अशा माणसाची बोटं धोक्यात असतात.

याला चांगला पर्याय राजस्थानात तपासला गेला आहे. उदयपूर भागात सेवा मंदिर ही संस्था गावोगावी एकशिक्षकी शाळा चालवते. एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांच्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास शाळांना तारीख-वेळ बदलता न येणारे कॅमेरे दिले. रोज शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसोबत शिक्षकाचा फोटो काढायचा. पगार वीस दिवसांना १,००० रुपये, त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जास्त, कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला ५० कमी, पण ५०० च्या खाली कधीच नाही. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. या रचनेतली मेख लक्षात घ्या: एखादा दिवस बुडाला तरी पुढच्या दिवसाची किंमत शाबूत राहते. आणि फरक नुसत्या कॅमेऱ्याच्या धाकाने पडला नाही, हजेरीला जोडलेल्या पैशाने पडला, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं.

कारखान्यात हे असं उतरवता येईल: २६ दिवसांना १,००० रुपये, २५ ला ८००, २४ ला ६००, २३ ला ४००. मंजूर रजा हजेरी म्हणून धरायची, आणि आजारपणाला कागद असेल तर तोही दिवस धरायचा.

हाताने टाकलेले पंच

मशीनचा सर्वांत मोठा दावा असतो की इथे वशिला चालत नाही. हा दावा सॉफ्टवेअरमधल्या एका बटणाने संपतो. मॅन्युअल पंच नावाची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ती लागतेही: वीज गेली, माणूस बाहेर साइटवर गेला, बोट लागलं नाही. पण सुपरवायझरच्या मर्जीतल्या माणसाचा ९:१० चा पंच ८:०० करता येतो हे शॉपफ्लोअरवर आठवड्याभरात सगळ्यांना कळतं. मस्टरच्या काळात वशिला दिसत तरी होता. आता तो यंत्राच्या नावाखाली झाकला जातो, म्हणून जास्त खुपतो.

उदयपूर भागातच सरकारी परिचारिकांच्या हजेरीसाठी तारीख-वेळ छापणारी यंत्रं देऊन अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी दुसरा प्रयोग केला होता. पहिले काही महिने हजेरी चांगली वाढली. नंतर वरून सूट दिलेले दिवस वाढत गेले, आणि साधारण दीड वर्षात यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. यंत्र तेच, माणसं तीच. सवलतीची दारं उघडी राहिली.

खरेदी करताना विचारायचा पहिला प्रश्न हाच असू द्या: मॅन्युअल पंच कुणी, कधी, काय कारण देऊन टाकला याची नोंद पुसता न येण्यासारखी राहते का? राहत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. पासवर्ड एकाच माणसाकडे आणि सुपरवायझरकडे कधीच नाही. महिन्याच्या हजेरीबरोबर हाताने टाकलेल्या पंचांची यादीही नोटीस बोर्डावर लावा. आणि मॅनेजर, अकाउंटंट, मालकाच्या घरचे, सगळ्यांनी त्याच मशीनवर पंच करायचा. स्टाफला सूट आणि कामगाराला बोट, हा भेद कुणीच विसरत नाही.

ठेकेदाराकडच्या माणसांसाठी

इथे मशीनला मनापासून पूर्ण गुण द्यावेसे वाटतात. ठेकेदाराच्या वहीत मुकादम हजेरी मांडतो, आणि २४ दिवस भरले की २१ हे ठरवायची ताकद त्याच्याकडे असते. मुख्य कंपनीच्या गेटवर स्वतःचं बोट लावलेला माणूस आपले दिवस सिद्ध करू शकतो. भरलेला दिवस पगारात दिसणं, याहून मोठं प्रोत्साहन रोजंदारीवरच्या हेल्परसाठी दुसरं नाही. पण त्यासाठी नोंद त्याच्या हातात पोचली पाहिजे. रोजचा एसएमएस किंवा मोबाइल अॅपवरची हजेरी असेल तर उत्तम. नसेल तर दोन तारखेला प्रत्येकाची छापील हजेरी, चार तारखेपर्यंत दुरुस्तीचे अर्ज, आणि सातच्या आत पगार; मासिक पगाराची मुदत तशीही महिना संपल्यावर सात दिवसांचीच आहे. दुरुस्तीच्या अर्जाची पोच द्यायची. पोच नसली की दुरुस्ती होतच नाही.

मशीनच्या आवाक्याबाहेरचं

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागात फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०३ अभियंते आणि हिशोबनीसांना विचारलं होतं, की कामावर सर्वांत छान कधी वाटलं आणि सर्वांत वाईट कधी. निष्कर्ष १९५९ मध्ये आले. वाईट वाटण्याच्या प्रसंगांत कंपनीचे नियम आणि कारभार सर्वांत पुढे होता. छान वाटण्याच्या प्रसंगांत काहीतरी साध्य होणं, कुणीतरी दखल घेणं, कामच आवडणं, जबाबदारी मिळणं. चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःला देतो आणि वाईटाचा दोष परिस्थितीला, अशी या पद्धतीवर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. तरी शॉपफ्लोअरवर त्याचा एक भाग रोज पटतो: हजेरीचा नियम कितीही न्याय्य केला तरी त्याने कुणाला कामाची ओढ लागत नाही. राग कमी होतो, एवढंच. ते एवढंच फार मोलाचं आहे, पण त्याच्याकडून जास्त मागू नये.

सॉफ्टवेअरचे रिपोर्ट बघा: उशिरा आलेले, लवकर गेलेले, गैरहजर, मिस पंच. सगळे चुकांचे. दीडशेपैकी जे एकशेवीस जण रोज वेळेवर येतात ते एकाही कागदावर येत नाहीत. तीन महिन्यांत एकदाही उशीर न झालेल्यांची यादी दर तिमाहीला काढा आणि ती सुपरवायझरच्या हातात द्या. त्याने मशीनपाशी जाऊन त्या माणसाशी दोन वाक्यं बोलावीत. स्टेज, शाल, फोटो काही नको. त्याच यादीतून नव्या मशीनवर ट्रेनिंगला कुणाला पाठवायचं हे ठरलं, तर हजेरीचा अर्थच बदलतो. आणि एखाद्या खात्यात सगळ्यांचाच उशीर वाढला असेल तर माणसांना बोलावण्याआधी बसची वेळ, पाळीचा क्रम आणि त्या खात्याचा सुपरवायझर तपासा.

चेहरा ओळखणारी मशीनंही मिळतात. फाउंड्री, सिमेंट आणि अन्नप्रक्रियेच्या ठिकाणी तीच घ्यावीत. मागून उजेड येईल अशा जागी लावू नयेत, आणि नोंदणी हेल्मेट-मास्क काढून करावी. फिरतीच्या माणसांसाठी सेल्फी आणि लोकेशनचं अॅप असतं. ते फक्त पंचच्या क्षणी ठिकाण नोंदवेल असं ठेवा. दिवसभर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा माग काढत राहणारं सेटिंग चालू ठेवलं तर चांगला सर्व्हिस इंजिनीअर पहिली संधी मिळताच जातो. नोकरी सोडलेल्याचा ठसा किंवा चेहरा काढून टाकायचा आणि तसं त्याला सांगायचं; २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही माहितीचं काम संपल्यावर ती पुसायची अपेक्षा ठेवतो.

घेताना शेवटचा हप्ता अडवून ठेवा आणि एक पूर्ण महिना जुनं मस्टर व मशीन दोन्ही चालवा. त्या महिन्याचा पगार मस्टरवरच करा. या काळात मुद्दाम तपासा: रात्रपाळी लागून दोन दिवस, मधेच गेटपासवर बाहेर गेलेला माणूस, आपसात बदललेली पाळी, सुट्टीच्या दिवशी आलेला कामगार, दोनदा पडलेला पंच, आणि वीज जाऊन आल्यानंतरची वेळ. सहाही ठिकाणी मस्टर आणि मशीन जुळले की हप्ता द्या. वार्षिक देखभालीच्या करारात सेन्सर बदलून देणं येतं का हे लिहून घ्या, कारण सर्वांत आधी तोच जातो. बॅकअप दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्या. ग्रॅच्युइटीसाठी वर्षातले २४० दिवस मोजायची वेळ येते तेव्हा अनेक ठिकाणी ही हजेरी हाच एक पुरावा असतो, आणि टाइम ऑफिसचा संगणक बंद पडला म्हणून कुणाची पाच वर्षं बुडू नयेत.